आसनावर कोणी नाही

मशीन म्हणत होतं, आसनावर कोणी नाही. आणि आसनावर टाचणी बसलेली होती; काडीसारख्या अंगाची म्हणून गोदामात तिला सगळे टाचणीच म्हणायचे. फोर्कलिफ्टची पुढची चाकं फलाट आणि ट्रक यांच्यामधल्या लोखंडी पट्टीवर चढून थांबली होती, मागची अलीकडेच राहिली होती, खोक्यांनी भरलेलं पॅलेट अर्धं ट्रकमध्ये, अर्धं बाहेर, आणि ती दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून समोर बघत होती, वर्गात उभं केलेल्या मुलीसारखी. डिस्प्लेवर बिघाडाचा कोड लुकलुकत होता, एक्केचाळीस आकडा. एक्केचाळीस म्हणजे काय ते गोदामात आता सगळ्यांनाच पाठ झालं होतं, कारण त्या आठवड्यात तो रोज यायचा आणि फक्त तिच्याच पाळीत यायचा. चालक आसनावर नाही. मला वर्कशॉपमधून बोलावून घेतलं तेव्हा सुपरवायझर कठड्याला टेकून उभा होता. "बघ बाई," तो म्हणाला, "आता मशीनलासुद्धा ही दिसेनाशी झाली." मागे दुसरी गाडी घेऊन थांबलेला धिप्पाड चालक, आमचा पैलवान, हसला. टाचणीही हसली. तिचं ते हसणं मला लागलं. विनोद आपल्यावर असला की आपणच आधी हसून मोकळं व्हायचं, म्हणजे तो लवकर संपतो, हे मला ठाऊक होतं. मीही हल्ली तेच करत होते.

बाळंतपणाच्या रजेवरून परतून मला अजून महिना व्हायचा होता. परत आले तेव्हा वर्कशॉपमध्ये सगळं जागच्या जागी होतं आणि काहीच माझं नव्हतं. पान्यांच्या दांड्यांवर कुणीतरी काळी टेप गुंडाळली होती; माझ्या बदली आलेल्या मेकॅनिकच्या हाताला घाम फार यायचा म्हणे. कामाचा निळा कोट छातीवर बसेना, तो मी उघडाच ठेवायचे. दुपार झाली की छाती दगडासारखी व्हायची, आणि टायर ठेवतात त्या खोलीत, आतून दाराला एक टायर लावून, रबराच्या वासात मला ते दूध पिळून काढावं लागायचं. बाहेर आले की कुणी ना कुणी म्हणायचंच, "काय, झोप झाली का?" मी हसायचे. घरी सासूबाई बाळाला सांभाळत होत्या, अगदी मनापासून सांभाळत होत्या, आणि तितक्याच मनापासून रोज संध्याकाळी सांगायच्या की आज तो तुझ्यासाठी कसा रडला. तेव्हाही मी हसायचे. मला कधीकधी वाटायचं, या हसण्याचाच एक स्विच आहे माझ्या अंगात, आणि तो कुणीतरी दाबूनच ठेवलाय.

मी किल्ली बंद करून परत फिरवली. आकडा गेला. टाचणीला उतरवलं, स्वतः चढले, पॅलेट आत ठेवून गाडी मागे घेतली. मग मोकळी गाडी पट्टीवरून आत, बाहेर, पुन्हा आत. मग वजन घेऊन. मग मुद्दाम जरा वेगात, दातावर दात आपटतील अशी. काही नाही. गाडी शहाण्या बैलासारखी चालली. सुपरवायझरने वॉकीटॉकी कमरेला अडकवला आणि हात झटकले. "तुझ्याकडे चालते, पैलवानाकडे चालते, दुसऱ्या पाळीतही चालते. थांबते ती फक्त हिच्याकडे. नाचता येईना अंगण वाकडं." मग टाचणीकडे न बघताच म्हणाला, "उद्यापासून तू पॅकिंगला. पैलवान घेईल ही गाडी." आणि मला, "मशीन ठीक आहे असं लिहून टाक. चालकाची चूक." मी मान डोलावली. मीटर लावला नव्हता, सीट उचलून बघितली नव्हती, नुसती बसून फिरून आले होते, आणि मी मान डोलावली, कारण माझ्या अंगाखाली गाडी थांबली नव्हती आणि माझ्या अंगाखाली न घडलेली गोष्ट घडलीच नाही असं समजणं फार सोपं होतं. टाचणी फलाटावर उभी होती. हातमोजे काढून तिने ते एकात एक घातले, त्याचा गोळा केला, परत सोडवले, परत गोळा केला. ही बाई गाडी शिकायला रोज पाळी संपल्यावर थांबायची. रिकामी पॅलेटं उचलायची, ठेवायची, उचलायची, तोवर झाडूवाले तिच्या चाकांभोवतीने झाडून जायचे. परीक्षा घ्यायला आलेल्या माणसाने तिला परवाना देताना म्हटलं होतं, तुम्ही अंडी जरी दिलीत तरी फुटायची नाहीत. ते वाक्य तिने किती जणांना सांगितलं असेल.

मान डोलावली आणि ती डोलवण्याची तऱ्हा मला ओळखीची वाटली. बाळ एकदा सकाळपासून रडत होतं. भुकेचं रडणं नाही, झोपेचं नाही. एका सुरात, मध्येच श्वास हरवून, परत त्याच सुरात. सासूबाई म्हणाल्या, तू काल काहीतरी आंबट खाल्लंस. माझी आई फोनवर म्हणाली, तू चिडचिड करतेस, ती दुधातून उतरते. नवरा बिचारा चांगल्या मनाने म्हणाला, तू कामावर जायचा विचार करतेयस ना, ते त्याला कळत असेल. डॉक्टर म्हणाले, पहिल्या खेपेला आयांना असं वाटतं. मी सगळ्यांसमोर मान डोलावत गेले. जगात बाळ रडण्याची कारणं शोधायला निघालेला प्रत्येक माणूस माझ्यापाशी येऊन थांबत होता. मग मला एकाएकी राग आला, बाळाचा नाही, कुणाचाच नाही, त्या मान डोलावण्याचा राग आला. मी त्याला पलंगावर ठेवलं, अंगावरचं एकूणएक काढलं आणि डोक्यापासून बघत खाली आले, वायर तपासतात तशी, एक वीतही न सोडता. कानामागे, काखेत, मांडीच्या घडीत. शेवटी पायमोजा काढला. आतला एक दोरा सुटून त्याच्या करंगळीला गुंडाळला गेला होता. करंगळी जांभळी झाली होती, इतकीशी करंगळी, वाटाण्याएवढी. नखं कापायच्या कात्रीने मी तो दोरा कसा कापला, मला आठवत नाही. तो थांबला. माझ्याकडे बघत राहिला, इतका वेळ कुठे होतीस असं बघत राहिला.  संध्याकाळी बघते तर सासूबाई खाटेवर बसून घरातले सगळे मोजे उलटे करून आतले दोरे कापत होत्या, माझे, नवऱ्याचे, स्वतःचेसुद्धा. रडणं म्हणजे तरी काय, एक कोडच. तो खोटं बोलत नाही, पण पुरतं खरंही सांगत नाही. घोडं कुठे पेंड खातंय ते त्याला ठाऊक नसतं. त्याला एवढंच कळतं की काहीतरी अडलंय. एक्केचाळीस आकडा म्हणतो चालक नाही. चालक डोळ्यांना दिसतोय. मग दोघांपैकी एकाला खोटं ठरवायची घाई कशाला? आणि ठरवायचंच झालं तर ते नेहमी माणसालाच का? नाचता येईना अंगण वाकडं. ठीक आहे. पण त्या अंगणाला कुणी एकदा तरी लेव्हल लावून बघितली होती का?

मी गाडीवरून अजून उतरले नव्हते. सीटचा फोम माझ्याखाली दबला होता. माझं अंग मला तेव्हा जाणवलं, बऱ्याच दिवसांनी, तक्रार म्हणून नाही, नुसतं अंग म्हणून. पोटावरची सैल घडी, जड मांड्या, वर दुधाने भरलेली छाती. या गोदामात नव्याने आले तेव्हा मीही काडी होते. मला काम शिकवणारे उस्ताद म्हणायचे, वारा आला की एखाद्या रॅकला धरून उभी राहत जा. मग बाळ पोटात आलं, मी वाढले, गाडीखाली सरकता येईना, स्टिअरिंग आणि सीटच्या मध्ये मावता येईना, आणि बाळ बाहेर आलं तरी मी काही परत आले नाही, ती मोठी झालेली मीच राहिले. चालकाच्या वजनाने दबणारा स्विच असतो या सीटखाली; म्हणजे आज त्याला जी कळली ती ही बाई. ती पहिली इथे येऊन बसली असती तर? मशीनने तिला ओळखलं असतं का? मला वाटतं मी तेव्हा मोठ्याने काहीतरी बोलले, कारण सुपरवायझरने "काय?" असं विचारलं. "लिहीत नाही," मी म्हटलं. "अजून बघितलंच नाही मी." आणि उतरून टाचणीला म्हटलं, "तू बस."

"आत्ता?"

"चालवू नकोस. नुसती बस. रोज बसतेस तशी."

ती चढली आणि सीटच्या अगदी कडेवर बसली, नव्या पाहुण्याने दिवाणावर टेकावं तशी. पाठ आणि सीटची पाठ यांच्यामध्ये आणखी एक टाचणी बसली असती.

"अशी का बसलीस?"

"मागे टेकले तर पेडलला पाय पुरत नाही ना."

"मग सीट पुढे घे."

"ती येत नाही पुढे. मी आल्यापासून नाही येत."

"सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं की. म्हणाले, एवढे सगळे बसतात, तुझ्याच बुडाला काय झालं."

पैलवान दुसरीकडे बघायला लागला. मी किल्ली काढली, टाचणीला उतरवून सीट उचलली. खाली गंज होता, धूळ होती, कुणाचं तरी पेनाचं टोपण होतं. सीट पुढेमागे सरकवायची दांडी हलत होती, पण ज्या पट्ट्यांवरून सीट सरकते त्या गंजून एकमेकींना चिकटल्या होत्या, सगळ्यात मागच्या खाचेत, पैलवानाच्या पायांच्या मापाने. बाजूला चालकाचं वजन लावायचं चाक असतं. हलका माणूस असेल तर ते सैल करायचं. तेही शेवटपर्यंत आवळलेलं, आणि तसंच आखडलेलं. मीटरची टोकं स्विचला लावली आणि टाचणीला पुन्हा कडेवर बसवून, पट्टीचा धक्का बसतो तशी पुढे झुकायला लावलं. मीटर वाजला नाही. "जरा मागे सर." वाजला. "पुढे हो." गप्प. ती पुढे-मागे होत राहिली आणि मीटर वाजत, गप्प होत राहिला. तिने माझ्याकडे बघितलं. "म्हणजे मी नाहीच कळत याला," ती म्हणाली, अगदी साध्या आवाजात, भाव विचारावा तशी. तेवढ्यात मला स्विचच्या मागे ती दिसली, काळी टेप. वायरची दोन कापलेली टोकं, नीट गुंडाळून बाजूला दाबलेली. माझ्या पान्यांवर होती तीच टेप. मग सगळंच कळलं. इथे जावई बसवला होता.

जावई हा आमच्या वर्कशॉपमधला जुना शब्द. सीटखालच्या स्विचची दोन्ही टोकं वायरच्या एका तुकड्याने जोडून टाकायची, म्हणजे मशीनला कायम कोणीतरी बसल्यासारखं वाटतं. काही काम करत नाही, नुसता बसून असतो आणि सगळे त्याला सांभाळून घेतात, म्हणून जावई. बदलीचा मेकॅनिक आता दुसऱ्या पाळीत होता; त्यानेच तो बसवला असणार, आणि मागच्या आठवड्यात सुरक्षेची तपासणी आली तेव्हा घाईघाईने कापून काढला असणार. म्हणजे टाचणी गाडीवर आली तेव्हापासून मशीनला ती धड दिसत नव्हतीच. जावई होता तोवर कुणाला कळलं नाही. तो गेला आणि दोष तिच्या पदरात पडला. उस्तादांना मी खूप वर्षांपूर्वी विचारलं होतं, हे चुकीचं नाही का. ते म्हणाले, जावयाला नावं ठेवू नयेत. ते आता मेकॅनिक नाहीत, सुट्या भागांच्या खिडकीवर बसतात, कारण त्यांचा डावा पाय जमिनीवर ओढत येतो. तेही जावई बसवलेल्या गाडीवरूनच उतरले होते, कलंडलेलं पॅलेट सरळ करायला, किल्ली चालूच ठेवून. परत चढताना अंग बाहेर असतानाच पाय पेडलवर पडला. स्विच असता तर गाडी जागची हलली नसती. जावयाने सांगितलं, बसलेत, चला. रॅक आणि गाडी यांच्यामध्ये किती जागा असते ती उस्तादांच्या पायाने मोजली. आणि अजूनही ते म्हणतात, चूक माझी, जावयाची नाही. मला त्यांचा हा मोठेपणा कधीच आवडला नाही.

सुपरवायझरला मी दाखवलं. तो वाकून बघत राहिला. वाईट माणूस नाही तो. कमरेचा वॉकीटॉकी सारखा खरखरत होता, बाहेर ट्रकवाले हॉर्न वाजवत होते, आणि त्याच्यावर ओरडायलाही वर कोणीतरी बसलेलं होतंच. "बरं," तो म्हणाला, "सीट मागवू. येईल तेव्हा येईल. तोवर जावई बसव आणि चालू कर. नाहीतर पैलवानाला दे, त्याला ती बसतेय नीट. मशीनला माणूस शोधायचा की माणसाला मशीन शोधायचं?" त्याला वाटलं हा प्रश्न इतका उघड आहे की त्याचं उत्तर द्यायला नको. मी उत्तर देणार होते. पण माझ्याआधी टाचणी बोलली.

"घाल ना ग तो जावई."

मी तिच्याकडे बघितलं.

"इतके दिवस होताच की," ती म्हणाली. "मी नाही उतरणार चालू गाडीवरून. किल्ली काढूनच उतरेन. हवं तर गळ्यात बांधते किल्ली."

"सगळे असंच म्हणतात. उस्तादांना विचार."

"उस्ताद उस्ताद नको करूस." तिचा आवाज खाली आला, फक्त मला ऐकू येईल इतका. "पॅकिंगला दिवसभर मान खाली असते, माहितीये तुला? खोकं, टेप, खोकं, टेप. गाडीवर बसले की मला वर बघायला मिळतं. सगळ्यात वरच्या रॅकपर्यंत. तू इथे तत्त्व धरून बसशील आणि खाली मान घालून मी जाईन. हट्ट तुझा आणि सीट माझी."

हे खरं होतं, म्हणून बोचलं. दुसऱ्याच्या जिवावर ताठ उभं राहणं काही कठीण नसतं. माझी नोकरी त्या सीटवर नव्हती. वायरचा एक तुकडा, दोन वेढे, वर टेप. बाळाचा लंगोट बदलायला याहून जास्त वेळ लागतो. ट्रक हलले असते, सुपरवायझरचा वॉकीटॉकी गप्प झाला असता, टाचणी वर बघत बसली असती, आणि मी टायरच्या खोलीत जाऊन छाती हलकी केली असती, जी आता इतकी दुखत होती की खांद्यापर्यंत कळ येत होती. सगळे सुखी. हातात वायर होतीसुद्धा. मग मी तिच्या दोन टोकांकडे बघितलं आणि मला दिसलं की जावई बसवला की मशीनला कायम कोणीतरी बसलंय असंच वाटणार. म्हणजे टाचणी बसली काय आणि न बसली काय, त्याला सारखंच. आकडा म्हणत होता, ही नाही. जावई म्हणणार, हिची गरज नाही. यातलं अधिक वाईट कोणतं ते मला ठरवता येईना, पण दोन्हींना नाही म्हणता येतं हे मला त्या क्षणी इतकं स्वच्छ कळलं की छातीतली कळसुद्धा जरा वेळ बाजूला उभी राहिली.

मी बॅटरीचा प्लग ओढून काढला, त्याच्यावर टोपण चढवलं आणि माझं कुलूप लावलं. आमच्याकडे हा एकच नियम असा आहे की ज्याच्यावर कुणी विनोद करत नाही. काम करणारा माणूस आपलं कुलूप लावतो आणि ते त्याचं त्यानेच काढायचं. मालक आला तरी दुसऱ्याने हात लावायचा नाही. कारण कुलुपापलीकडे कुणाचा तरी हात आत असू शकतो.

"काढ ते," सुपरवायझर म्हणाला.

"काम झालं की काढते."

"किती वेळ?"

"लागेल तेवढा."

"बाहेर ट्रक उभेत."

"दिसतायत."

"हे बघ, तू आत्ता कुठे परत आलीयस. सगळ्यांनी सांभाळून घेतलंय तुला. मध्येच गायब होतेस, आम्ही काही बोललोय का?"

"टायरच्या खोलीत असते मी. दूध काढते. आता विचारलंत तर सांगितलं."

पैलवानाने गाडीच्या खांबाचा रंग नखाने खरवडायला सुरुवात केली. सुपरवायझरचे कान लाल झाले. मी हसले नाही. कुणीच हसलं नाही. आणि त्या न हसण्यात मला इतका मोकळा श्वास घेता आला की मला वाटलं, हे एवढंच करायचं होतं तर मी इतके दिवस काय करत होते. "मी मोठ्या साहेबांना सांगतो," तो म्हणाला. "सांगा," मी म्हटलं. "कुलूप माझं आहे, हेही सांगा." टाचणीकडे मात्र मला बघवेना. ती हातमोजे पोटाशी धरून उभी होती आणि मला शिव्या देत असणार.

मागच्या अंगणात एक मोडीत काढलेली गाडी उभी होती, पुढचा खांब वाकलेली, बरीच जुनी. तिची सीट मला आठवत होती. उस्तादांच्या खिडकीशी गेले. त्यांना सगळं आधीच कळलं होतं. गोदामात बातमी फोर्कलिफ्टपेक्षा जोरात धावते. "जावयाला हाकललंस म्हणे," ते म्हणाले.

"हो."

"हं." त्यांनी खालून तेलाचा डबा काढून खिडकीत ठेवला, मग वायरब्रश, मग नवे बोल्ट. "त्या जुन्या सीटची स्प्रिंग मऊ आहे. मांजर बसलं तरी कळेल तिला." मग माझ्याकडे न बघता, "माझ्या वेळेला कुलूप नव्हतं ग," असं म्हणाले आणि खिडकी लावून घेतली.

जुनी सीट निघता निघेना. चार बोल्ट, त्यातला एक गोल झालेला. टाचणी न सांगता मागून आली होती. ती बोल्टवर तेल सोडत राहिली, मी पान्यावर पाय देऊन उभी राहिले.  मध्येच फोन वाजला, सासूबाईंचा. मागे तो रडत होता. "बोटं बघितलीत?" मी विचारलं. "सगळ्यात आधी तीच बघितली," त्या म्हणाल्या. "हाताचीपण बघितली. भूक आहे नुसती. फ्रिजमधलं दूध कोमट करतेय. तू तुझं आटप सावकाश." त्याचा आवाज ऐकला आणि दूध सुटलं, आतल्या कपड्यातून, सदऱ्यातून, उघड्या कोटाच्या मधोमध दोन ओले गोल. हात तेलाने काळे, झाकायला काही नाही. टाचणीने बघितलं. तिचा हात स्वतःच्या कोटाच्या बटणांकडे गेला, काढून द्यावा म्हणून. मी म्हटलं, "राहू दे. तुझा मला येणार नाही." तेव्हा ती हसली. हे हसणं निराळं होतं. "सरक जरा," ती म्हणाली आणि पान्यावर माझ्या पायाशेजारी तिने तिचा पाय ठेवला, आणि दोघींच्या वजनाला तो गोल झालेला बोल्ट कुरकुरत फिरला.

सीट बसवली. पट्ट्या घासून, तेल घालून, पुढे मागे, पुढे मागे, हात दुखेपर्यंत. वजनाचं चाक सैल केलं. स्विचला मीटर लावला आणि टाचणीला कडेवर बसवलं, मध्ये बसवलं, वाकवलं, पाय उचलायला लावले. मीटर वाजत राहिला. उतरली की गप्प. सुपरवायझर मोठ्या साहेबांशी बोलून परत आला होता. "उद्या सकाळी तुला वर बोलावलंय," त्याने सांगितलं. मग सीटकडे बघून, "झालं ना? पैलवान, बस. ट्रक मोकळे कर."

"नाही," मी म्हटलं. कुलपाची किल्ली मुठीत होती, तळव्याला तेल आणि घाम. "कोड पैलवानाकडे येत नव्हता. तो बसला तर मला काय कळणार? हिच्याकडे येतो, हीच चालवून बघेल. मगच मी कुलूप काढलं असं समजा."

तो पुन्हा कठड्याला टेकला. बहुतेक दमला होता. मी कुलूप काढलं, प्लग लावला. टाचणी चढली. आधी तिने सवयीने कड धरली. मग दांडी ओढली आणि सीट तिला घेऊन आवाज न करता पुढे सरकली, तशी ती दचकली, स्टिअरिंग धरून क्षणभर तशीच राहिली. मग मागे झाली. पाठ सीटला टेकली, पाय पेडलवर पुरा टेकला. वजनदार पॅलेट उचलून ती पट्टीकडे निघाली. मी शेजारून चालत होते, डिस्प्लेवर डोळा ठेवून. पुढची चाकं चढली, धक्का बसला, फोर्कवरची खोकी हलली. मागची चाकं चढली. ती ट्रकच्या अंधारात शिरली आणि मला आता डिस्प्ले दिसेना, नुसता मोटरचा आवाज ऐकू येत होता, अखंड. थांबला नाही. बाहेर आली ती रिकामे फोर्क घेऊन, मागे वळून बघत, मान ताठ. दुसरं पॅलेट. तिसरं. त्यानंतर मी बघायचं सोडलं. सुपरवायझरने कुणाला तरी वॉकीटॉकीवर सांगितलं की फलाट चालू झाला. पॅकिंगचं त्याने काही काढलं नाही. मीही नाही. उद्या वर बोलावलंय तर जाईन; हाच कोट घालून जाईन, उघडाच.

पाळी बदलताना मी हात धूत होते. पैलवान त्या दिवशी जादा पाळी करणार होता, आणि पुढच्या पाळीत त्याला तीच गाडी होती. तो चढला आणि त्याचे गुडघे स्टिअरिंगला लागले, पोट दबलं, लहान मुलांच्या झोपाळ्यात अडकावं तसा तो अडकला. "आईशप्पथ, ही सीट आहे का पाळणा?" सुपरवायझर माझ्याकडे बघायला लागला, घे आता, अशा नजरेने.

"दांडी ओढा," मी म्हटलं. "सरकते."

पैलवानाने दांडी ओढली. सीट मागे गेली. त्याने पाय लांब केले, मग उगाच परत पुढे आणली, परत मागे नेली. "च्यायला," तो म्हणाला, "इतकी वर्षं कुणी बोललं नाही ही सरकते म्हणून." आणि गेला.

टाचणी माझ्याशेजारी नळावर आली. हातांना साबण लावत ती त्या गाडीकडे बघत होती, रॅकच्या टोकाला दिवा दिसेनासा होईपर्यंत.

"म्हणजे उद्या सकाळी मला ती परत पुढे घ्यायला लागणार," ती म्हणाली.

"घ्यायची."

"परवाही."

"रोज घ्यायची," मी म्हटलं, आणि तिला नळाखाली जागा करून दिली.